घड्याळकाकूंचा चुकलेला अर्धा तास

प्रयोगशाळेत त्यांना सगळे घड्याळकाकू म्हणत. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक मिनिट इकडचं तिकडे झालं नव्हतं. निदान लोकांचा तसा समज होता, आणि काकूंनी तो जिवापाड जपला होता.

मोडलेल्या हाडाच्या फटीत भरायची काचेची पूड तिथे बनत असे. या काचेला हाड आपलंसं करतं, तिला धरून वाढतं. अट एवढीच, की कण गोल हवेत आणि सगळे एका मापाचे. एकदा, फक्त एकदा, ते तसे जमले होते. पुढे पाच वेळा तीच कृती, तीच मापं, आणि दर वेळी दमट मिठासारखे गठ्ठे.

“परवा सूक्ष्मदर्शक शेवटचा मिळणार,” हे संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या. वयाने काकूंच्या लेकीएवढ्या. “नाही जमलं तर काम बंद. काकू, कण जमले त्या दिवशी आपण वेगळं काय केलं होतं हो?”

काकूंना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला होता. तिच्या जावेच्या कागाळ्या ऐकता ऐकता मिश्रणात कॅल्शियम घालायचं राहून गेलं. मागाहून गुपचूप घातलं आणि वहीत ठरलेलीच वेळ लिहिली.

बोलावं तर बावीस वर्षांची अब्रू जाते, गप्प बसावं तर या पोरीच्या कष्टांवर पाणी.

“बाई, वही खोटं बोलतेय,” काकू म्हणाल्या. “म्हणजे मीच. कॅल्शियम उशिरा पडलं होतं.”

“किती उशिरा?”

“अर्धा तास. आमची बहीण थोडक्यात बोलत नाही.”

बाई ताडकन उठल्या. काकूंना वाटलं, आता आपली वरात दाराबाहेर. पण बाईंचे डोळे लकाकत होते.

“अहो, म्हणून! काचेचे मणी आधी निवांत गोल झाले, कॅल्शियम मागून आलं. आपण ते पहिल्यापासून घालतो, आणि ते कोवळ्या मण्यांना एकमेकांना चिकटवतं.”

लगेच नवं मिश्रण ढवळायला घेतलं. काकू मनगटावरच्या काट्यावर नजर रोखून उभ्या. तिसाव्या मिनिटाला कॅल्शियम आत गेलं. मिश्रण दुधासारखं एकजीव राहिलं, तळाशी गठ्ठा म्हणून नाही.

तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर चित्र उमटलं. गोल, गोल, सगळे गोल, जणू एकाच साच्यातले! बाईंनी काकूंचा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

काकूंनी जुनं पान काढलं, खोटी वेळ खोडून खरी लिहिली. “कारण काय लिहू?”

“जे खरं तेच.”

काकूंनी ठसठशीत लिहिलं : बहिणीचा फोन. आणि तिला फोन लावला. आज बोलायची पाळी त्यांची होती.