वसुधाताईंचं इंग्लिश

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

नऊ वर्षांची असताना मी सांगलीहून इथे, अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉयला आले. पहिल्याच वर्षी माझे उच्चार बदलले. आईचे बदलले नाहीत. शाळेत टीचरना भेटायला आली की ती इंग्लिशमध्ये बोलायची, आणि मी तेच पुन्हा इंग्लिशमध्ये सांगायची. तिचं वाक्य बरोबर असायचं, नेहमीच. तरीही सांगायची. आईला त्याचं काय वाटत असेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

कॉलेज संपलं, धड नोकरी मिळेना, तेव्हा मी तैवानला गेले. शिंचू नावाच्या गावात, इंग्लिशच्या एका शिकवणीवर्गात शिकवायला. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलं यायची. पहिल्याच दिवशी एका बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं — नवी अमेरिकन टीचर कुठे आहे, म्हणून. मी हसले. दुसरं काय करणार? संचालिका मिसेस लिन यांनी दारावर माझ्या फोटोखाली ‘अमेरिका’ असं माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहून लावलं.

तिथेच वसुधाताई होत्या. मूळच्या नाशिकच्या. नाशिकच्या शाळेत बरीच वर्षं इंग्लिश शिकवलेलं. नवरा तैवानी, लग्नानंतर तैवानला आलेल्या, घरी लहान मुलगी. मी मराठी आहे कळल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला! मला ताप आला तेव्हा खोलीवर मुगाची खिचडी घेऊन आल्या, भांडीसुद्धा घासून गेल्या. स्टाफरूममध्ये त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या. आणि मी — मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, हळू आवाजात. कोणी ऐकलं तर? मी मोठ्या कष्टानं अमेरिकन झाले होते ना तिथे.

मग एका पालकांनी तक्रार केली. मुलगा घरी ‘वॉटर’ भारतीय लोकांसारखं म्हणतो म्हणे. मिसेस लिननी मला बोलावलं. म्हणाल्या, तू ताईंच्या वर्गात बस, ऐक आणि मला सांग.

मी बसले. काय सांगू तुम्हाला त्या वर्गाबद्दल! ताई भाजी विकत होत्या. टेबलावर खरी वांगी, खरं आलं. मुलं घासाघीस करत होती, इंग्लिशमध्ये, एकमेकांवर ओरडत. माझ्या वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहून म्हणाली, हे वांगं म्हातारं आहे, मला पैसे परत द्या. सगळे खदखदून हसले, ताई सगळ्यांत जास्त. माझ्या वर्गात असं एकदाही झालं नव्हतं. मला हेवा वाटला का? हो. वाटला.

मिसेस लिननी एकच प्रश्न विचारला. “तिचं इंग्लिश चुकीचं आहे का?”

नाही. इतकंच म्हणायचं होतं. उत्तर मला माहीत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या क्षणी पहिल्यांदाच कोणीतरी मला अमेरिकन म्हणून काहीतरी विचारत होतं — आणि ते सुख —

मी म्हणाले, “अमेरिकेत आम्ही असं बोलत नाही. मुलांना हीच सवय लागेल.”

आम्ही! माझी आई अमेरिकेत राहून तसंच बोलत होती.

त्या महिनाअखेरीस ताईंना काढलं. त्या स्टाफरूममध्ये सामान आवरत होत्या, मी दारात उभी होते. वांगी ठेवायची टोपली पिशवीत मावत नव्हती, तिच्याशी झटत मराठीत म्हणाल्या, “मॅडम म्हणाल्या, तुला विचारलं होतं. तू चांगलंच सांगितलं असशील गं. पण पालकांपुढे त्यांचं तरी काय चालणार?”

तेव्हा मी त्या खोलीत पहिल्यांदा मराठी बोलले. म्हणाले, “हो ताई. मी सांगितलं होतं.”

त्यांनी टोपली खाली ठेवली आणि मला जवळ घेतलं.

नंतर मी परत आले. नोकरी, लग्न, घर. ताईंचे दिवाळीला मेसेज यायचे, मी फुलांचं चित्र पाठवायची. मग गेल्या वर्षी त्यांनी कळवलं — मुलगी, मीरा, मिशिगनमध्ये शिकायला येतेय, लक्ष ठेवशील ना?

मीरा जेवायला आली. माझ्या आईनं मुद्दाम मसालेभात केला होता. मीरा मराठी छान बोलते, जरा चिनी हेल काढून. मी विचारलं, इंग्लिश आईकडेच शिकलीस का? ती म्हणाली, “नाही मावशी. आई माझ्याशी इंग्लिश बोलायचीच नाही. म्हणायची, माझं ऐकून तुझं बिघडेल. She never taught again. आता काकांच्या बेकरीत काउंटरवर असते.” मग माझ्या आईकडे वळून म्हणाली, “पण आज्जी, आई नेहमी सांगते, तेव्हा एकट्या मावशीनंच तिची बाजू घेतली.”

आईनं माझ्याकडे बघितलं. वाढायचा डाव हातात तसाच. “खरंच गं? कधी बोलली नाहीस.”

मी मान हलवली. होकारार्थी. मीरासमोर, आईसमोर, माझ्याच टेबलावर. तैवानला होते तेव्हा मी तेवीस वर्षांची होते असं म्हणता येईल. पण गेल्या वर्षी नव्हते.

आई आता हे सगळ्यांना सांगते. माझ्या लेकीनं परदेशात एका बाईंच्या इंग्लिशसाठी भांडण केलं, म्हणते. परवा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमातही सांगितलं, तिच्या त्याच इंग्लिशमध्ये, कारण समोर इथेच जन्मलेली मुलं होती. मी शेजारीच उभी होते. एका काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, “अशा मुली हव्यात.”

“थँक यू, काकू,” मी म्हणाले.