अठरा डिस्कवाल्या मॅडम

चालू मशीनमधून डिस्क ओढून काढायची आणि समोरच्याच्या हातात ठेवायची, ही मॅडमची सवय. "धरा. आता बघा, काही बंद पडतंय का." मशीन बंद पडायचं नाही, बघणारा मात्र निम्मा गार व्हायचा.

आमच्याकडे त्यांनी पहिली डिस्क दिली ती थेट मोठ्या डॉक्टरांच्या हातात. मी लातूरच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे एक खोली, एक एसी आणि मी. मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. ऑपरेशन करताना त्यांचा हात हलत नाही असा लौकिक, पण ती गरम डिस्क त्यांनी विंचू धरावा तशी धरली होती. बाहेर केसपेपर निघत होते, सीटी स्कॅनचे फोटो उघडत होते. कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

"चालू असताना काढून बघितलं न्हाई, तर बसवलं म्हणू नये," मॅडम म्हणाल्या.

त्या मूळच्या बिलोलीच्या. नांदेडला शिकल्या आणि तिथल्याच एका छोट्या कंपनीत लागल्या. वय तिशीच्या आत, पाठीवर सॅक, पायात साध्या चपला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, दारात उभी राहिली की वॉचमन हमखास विचारतो, "कुणाला भेटायचंय?" आमच्या वॉचमननं तर त्यांना नर्सिंगच्या मुलाखतीच्या रांगेत बसवलं होतं. त्या शांतपणे बसल्या, नंबर आल्यावर आत जाऊन म्हणाल्या, "मी स्टोरेज बसवायला आलेय."

हॉस्पिटलचे स्कॅन साठवायला जागा पुरत नव्हती. मोठ्या डॉक्टरांना पुण्याहून स्टोरेजची एक मोठी तयार पेटी आणायची होती. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. तीन साधे सर्व्हर घ्या, प्रत्येकात सहा डिस्क लावा. नोंदणी, औषधं, लॅब, स्कॅन यांच्या आभासी मशीन, म्हणजे सर्व्हरच्या पोटातले वेगवेगळे कॉम्प्युटर, त्याच तिन्हींवर चालतील आणि अठरा डिस्क मिळून सॉफ्टवेअर एक कोठार करील. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, तीन वेगळ्या सर्व्हरमध्ये. एखादा सर्व्हर आडवा झाला तरी दोन उभे.

"वर्षभर चालवून दाखवा," मोठे डॉक्टर म्हणाले. "एकदा जरी बंद पडलं, तर पेटी मागवणार. मग बिलोलीचं नाव सांगू नका."

मॅडम म्हणाल्या, "हाव सर."

सर्व्हरमध्ये एक कार्ड आलं होतं. सगळ्या डिस्क पोटात घेऊन बाहेर एकच मोठी डिस्क दाखवायचं ते. मॅडमनी आल्याआल्या त्याचा तो कारभार बंद केला. मी विचारलं, कंपनीनं दिलंय तर राहू द्या की.

"मधी अडत्या नको, काका. डिस्क आजारी पडली तर सॉफ्टवेअरला तिच्याच तोंडून कळू द्या. अडत्या काय, सगळं बरं हाय म्हणूनच सांगतो."

लातूरच्या माणसाला याहून सोपं करून कोण सांगणार? माझा धाकटा भाऊच बाजारात अडत्या आहे, त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

मग त्यांनी दोनशे पानी वही काढली. प्रत्येक डिस्कवर कारखान्यातून आलेला लांबलचक नंबर, ती कुठल्या सर्व्हरची, कुठल्या खणाची, सगळं हातानं लिहिलं. डिस्कच्या पुढच्या पट्टीवर मार्करनंही खूण केली. एवढा मोठा नंबर कशाला, नुसतं एक-दोन-तीन लिहा, असं मी म्हणालो.

"जागा बदलती, काका. नंबर बदलत न्हाई."

मी मान डोलावली. समजलेलं काही नव्हतं, हे पुढं दसऱ्याला सिद्ध झालं.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. एक्स-रे मशीनला हार, अ‍ॅम्ब्युलन्सला नारळ, ऑपरेशनच्या हत्यारांना हळदकुंकू. मॅडमची सिस्टिम लागून, जुने स्कॅनही तिच्यात भरून दहा महिने झाले होते आणि एकदाही हू की चू नव्हतं. मला वाटलं, एवढी इमानी यंत्रं, यांची पूजा यथासांग व्हावी. ओपीडीला सुट्टी होती. मी सगळं व्यवस्थित बंद केलं, अठराच्या अठरा डिस्क बाहेर काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि लाल कापडावर ओळीनं मांडल्या. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. झेंडू वाहिला, नारळ फुटला, पेढे वाटले. मग मी डिस्क परत बसवायला घेतल्या आणि बघतो तर काय, मार्करच्या खुणा मीच पुसून टाकलेल्या.

अठरा डिस्क, सगळ्या सारख्या. बसवल्या अंदाजानं. चालू केलं तर स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल. एका सर्व्हरच्या डिस्क दुसऱ्यात, दुसऱ्याच्या तिसऱ्यात, आणि सॉफ्टवेअर बिचारं सगळा पसारा नव्यानं लावायला निघालेलं. त्यातच वरून निरोप आला. निलंग्याहून एका बाईंना आणलंय, डोक्यात गाठ आहे. मागच्या वर्षीचा सीटी लगेच हवा. गाठ वाढली असेल तर आजच ऑपरेशन, तेवढीच असेल तर थांबता येईल.

मी मॅडमना फोन लावला. पलीकडून बुद्धवंदना ऐकू येत होती. दसरा म्हणजे त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, घरातला वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस, हे मला फोन लावल्यावर आठवलं.

"काय करून राहिलात तुम्ही?" सगळं ऐकून त्या म्हणाल्या. एवढंच रागावणं. मग आवाज एकदम खाली आला. "काका, तिन्ही बंद करा. कशाला हात लावू नका. मी निघाले."

"फोनवर सांगितलं तर नाही का जमणार?"

"उंटावरनं शेळ्या हाकायच्या न्हाईत मला. त्यात माणसांचे फोटो हायेत."

बिलोलीहून भावाच्या मोटारसायकलवर देगलूर, तिथून उदगीरमार्गे एसटी. चार वाजायच्या आत त्या पोचल्या. पांढरी साडी, वाऱ्यानं विस्कटलेले केस, खांद्याला तीच सॅक. वॉचमन उठून उभा राहिला.

त्या जमिनीवर बसल्या, वही उघडली. मी डिस्क काढून नंबर वाचायचो, त्या बोट फिरवून सांगायच्या, "दुसऱ्या सर्व्हरची, खालून तिसरी." हळद त्यांच्या हातांना, हातांची साडीला. मोठे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. मॅडमनी वर बघितलं नाही. अठरावी बसली. एकेक सर्व्हर चालू केला. लालाचं पिवळं झालं. सतरा डिस्क हजर, एक आलीच नाही. माझ्या ओल्या फडक्यानं तिचा जीव घेतला होता.

"गेलं का?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"एक गेली सर. फोटो न्हाई गेले." त्यांनी ती मेलेली डिस्क बाजूला ठेवली. "बाईंचं नाव सांगा."

नाव टाकलं. फोटो उघडला. मागच्या वर्षीचा, जसाच्या तसा, काठसुद्धा धूसर नाही. सर्जननी शेजारी आजचा लावला, मोजला, पुन्हा मोजला. गाठ तेवढीच होती. त्या बाईंना त्या दिवशी टेबलावर घ्यावं लागलं नाही.

मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले. आता माझं काही खरं नाही, असं मी धरून चाललो होतो. पण मॅडमच बोलल्या.

"डिस्क काढायला नको होत्या, ही काकांची चूक. पुसून जाईल असं लिहिलं, ही माझी. आन कुंकू तुम्ही लावलं सर." वही मिटत त्या म्हणाल्या, "पूजा करा की. पण चालू ठेवून, बाहेरून."

मोठ्या डॉक्टरांना असं तोंडावर सांगणारं माणूस मी नोकरीत पहिल्यांदा बघितलं. ते स्वतः खुर्ची ओढून म्हणाले, "बसा मॅडम. जेवलात का?" तोवर ते त्यांना 'ती कॉम्प्युटरवाली' म्हणायचे. पुण्याच्या पेटीचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

आता मॅडम हैदराबादला असतात. तिथं सर्व्हरच्या रांगाच्या रांगा त्यांच्या हाताखाली आहेत म्हणे. आमच्याकडे त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, पण डिस्क काढून कुणाच्या हातात देत नाही. मला चुकल्यासारखं होतं.

दसऱ्याच्या त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी परतीला गाडी देऊ केली होती, ती मॅडमनी घेतली नाही. "एसटी हाय ना." मी स्टँडवर सोडायला गेलो. तुमचा सण घालवला म्हणून माफी मागायची होती, पण मी नुसता एसटीचा बोर्डच वाचत राहिलो. त्यांनी साडीवरचे हळदीचे डाग बघितले आणि म्हणाल्या, "आई विचारंल, न सांगता लग्न लावून आली का म्हणून." मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

गाडीत कंडक्टर आला. मला काय झालं कोण जाणे, खिडकीतून मीच त्याला मोठ्यानं सांगितलं, "या आमच्या हॉस्पिटलच्या इंजिनिअर आहेत. आज यांनी सगळ्या पेशंटांचे फोटो वाचवले." सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली.

कंडक्टरनं तिकीट फाडलं. "इंजिनिअर असू द्या न्हाईतर कलेक्टर असू द्या," तो म्हणाला, "लेडीजला हाफच लागतंय."

मॅडम पदर तोंडाला लावून हसत होत्या. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी माझ्याच लेकीला बोहल्यावर नाही, कलेक्टरच्या खुर्चीवर बसवून आल्यासारखा ताठ उभा होतो.