रिकाम्या कडेची मारिया

माझा भाऊ वेंडेलिन चीज करायचा आणि जुने लाकडी संत गोळा करायचा. दोन्ही एकाच तळघरात. एका भिंतीला फळ्यांवर चीजची चाकं मुरत पडलेली, समोरच्या भिंतीला संत उभे. कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही, एका बिशपाची हनुवटी उंदरांनी नेलेली. लोक दुकानात येऊन विचारायचे, "काय वेंडेल, आज मीठ कुणाला चोळलंस? चीजला की सेबास्टियनला?" तो हसायचा आणि तुकडा जरा झुकतं माप देऊन कापायचा. घर मी चालवायचे, शिवणकाम करून चार पैसे मी जोडायचे, त्यामुळे त्या झुकत्या मापाचा राग मलाच यायचा.

संत तळघरात ठेवण्याचं कारण साधं होतं. इतकं जुनं लाकूड शेगडीच्या उबेला आणलं की तडकतं. चीजला जो गारवा आणि जी ओल लागते, तीच त्या लाकडाला मानवते. शिवाय या मूर्तींच्या पाठी आतून कोरून पोकळ केलेल्या असतात, चिरा पडू नयेत म्हणून. समोरून राणीच्या थाटात उभी असलेली संत काटारिना मागून बघावी, तर गुरांना पाणी पाजायची डोणी.

हा नाद त्याला लागला तो ईस्टरच्या आगीपायी. आमच्या खोऱ्यात ईस्टरच्या आदल्या दिवशी चर्चसमोर आग पेटवतात. घरटी एक ओंडका आणायचा आणि त्या आगीतला निखारा घरी न्यायचा. चर्चमधली किडकी, मोडकी मूर्तीही त्याच आगीत जायची, कारण मंत्रलेलं लाकूड उकिरड्यावर टाकता येत नाही. वेंडेलिन तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने आपला ओंडका आगीत टाकला आणि ढिगातला एक संत काखोटीला मारून चालू लागला. पाद्री ओरडले, "अरे, अरे!" तर हा म्हणतो, "एक घातलं, एक घेतलं, फादर. आगीचं काही कमी झालं नाही." पाद्रींना हसू आवरेना. तिथून पुढे दरवर्षी तो सगळ्यांत जाड ओंडका घेऊन जायचा.

मारिया, म्हणजे येशूच्या आईची मूर्ती, मात्र आगीतून आली नाही, ती कोंबड्यांच्या खुराड्यातून आली. डोंगरावरच्या एका शेतकऱ्याने तिला खुराड्यात आडवी टाकली होती आणि तिच्या पोकळ पाठीत कोंबड्या अंडी घालत होत्या. घरधनीण म्हणाली, "मूर्ती ने, पण माझ्या कोंबड्यांनी बसायचं कुठे?" वेंडेलिनने तिला नवं खुराडं बांधून दिलं आणि मारियाला घसरगाडीवर घालून बर्फातून खाली आणलं. कोमट पाण्याने मी तिचं तोंड पुसलं. ती हसत होती. मान किंचित डावीकडे कललेली, डावा हात मूल घेतल्यासारखा वाकलेला, आणि कडेवर काहीच नाही. नुसती एक चौकोनी खुंटी. त्या रिकाम्या जागेकडे बघून ती हसत होती.

त्या दिवसापासून माझ्या भावाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दर रविवारी प्रार्थना झाली की हा निघाला मूल शोधायला. या खोऱ्यातून त्या खोऱ्यात, माळे, कोठारं, पडकी देवळं. लोकांनी त्याला पंख तुटलेले देवदूत दिले, एकदा तर कुणी चक्क नाटकातला राक्षस दिला. "लग्न कर," मी म्हणायचे, "मूल घरबसल्या मिळेल." तो ऐकायचाच नाही. शरद ऋतूत धुकं इतकं दाटायचं की गायींच्या नुसत्या घंटा चालत जाताना ऐकू यायच्या, आणि त्या धुक्यातून तो ओल्या कोटाने रिकाम्या हातांनी परत यायचा. मी बटाटे आणायला तळघरात उतरले की कंदिलाच्या उजेडात मारियाचा हात मागच्या वेळेपेक्षा जरा पुढे आल्यासारखा वाटायचा. तिथे खारट, आंबूस वास असायचा, फळ्यांवर चीज हळूहळू पिकत असायचं, आणि इतकी माणसं एका खोलीत गप्प उभी असली की आपणही श्वास दबकून घेतो. मी बटाटे उचलायचे आणि विनाकारण तिला "येते हं" म्हणून वर यायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका नाताळाच्या तोंडावर चर्चशेजारची आफ्रामावशी माझ्याकडे आली. मावशी विधवा, एकटी, जिभेने तिखट. तिच्याकडे एक येशूबाळ होतं, लेसच्या झग्यातलं. नाताळात गावातल्या बायका तिच्या घरी जमायच्या, बाळाला पाळण्यात घालून गाणी म्हणायच्या. मी आणि वेंडेलिनने लहानपणी तो पाळणा हलवला होता. बाळाचे कपडे मावशी स्वतः बदलायची, दार लावून. आता तिची बोटं आखडली होती.

"नवा झगा शिव," ती म्हणाली, "आणि त्याला थंडी लागू देऊ नकोस."

मी जुना झगा काढला. आत मेण किंवा चिनी माती असेल अशी माझी समजूत होती. लाकूड निघालं. गुडघ्यावर जुना गुलाबी रंग, आणि एका कुशीत एक चौकोनी भोक. मी त्यात बोट घातलं. आमच्या मारियाच्या खुंटीएवढंच होतं ते. गप्प बसावं असं मनात आलंही, पण माझ्या पोटात काही राहत नाही. मी उठून वेंडेलिनला सांगितलं. त्या दिवशी कढईतलं दूध त्याने इतकं तापू दिलं की त्याचं चीज झालं नाही, रबर झालं.

झगा शिवून होताच आम्ही दोघं बाळाला घेऊन मावशीकडे गेलो.

"मावशी," वेंडेलिन टोपी चुरगळत म्हणाला, "तुझ्या बाळाची आई माझ्याकडे आहे."

"मग तिला सांग, पोर सुखात आहे."

"थट्टा नाही करत मी."

"मी तरी कुठे करतेय?" तिने बाळ मांडीवर घेतलं. "बस. तूही बस गं टिले, अशी खांबासारखी उभी राहू नकोस. माझी मुलगी जन्मली आणि सुईण पाणी आणेपर्यंत गेली. बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून दफनभूमीत जागा नाही. माझ्या नवऱ्याने तिला गुपचूप चर्चच्या वळचणीखाली पुरलं. बाप्तिस्म्याचं नाही, तर छपरावरून पडेल ते पाणी तरी तिच्या डोक्यावर पडावं. कुठल्या कोपऱ्यात, ते कधी बोलला नाही. मला विचारायचा धीर झाला, तोवर तोच गेला. अंगावर दूध होतं रे, आणि हात रिकामे. तेव्हा सासूने माळ्यावरून हे काढून माझ्या हातांत दिलं."

वेंडेलिनने चुरगळलेली टोपी गुडघ्यावर सपाट केली.

"मी मेले की ने," मावशी म्हणाली. "पण आधी मरू दे."

नाताळात पाळण्याभोवती जमलेल्या सगळ्या बायकांसमोर तिने पुन्हा सांगितलं, की आपल्यामागे बाळ वेंडेलिनचं. मग वेंडेलिन तिची लाकडं फोडू लागला, दर शनिवारी चीज पोचवू लागला. लोकांना आयतं निमित्त मिळालं. "सेवा करतोस की वाट बघतोस?" त्याचे कान लाल व्हायचे, कारण दोन्ही खरं होतं. आणि मावशी दारातूनच ओरडायची, "अजून नाही रे बाबा! चीज ठेव आणि सूट!"

एका हिवाळ्याच्या शेवटी, छपरावरचा बर्फ वितळून वळचणीला पाणी गळायला लागलं तेव्हा, ती झोपेत गेली. बायकांनी तिला काळी वस्त्रं नेसवली, शवपेटीत ठेवलं, आणि सवयीने बाळ तिच्या कुशीत दिलं. दफनाच्या सकाळी आम्ही गेलो तर तिच्या शहरातल्या पुतण्याने स्वतः ते उचलून वेंडेलिनच्या हातांत ठेवलं. "काकीचा शब्द होता," तो म्हणाला. कुणी हरकत घेतली नाही.

वेंडेलिनने बाळ कोटात घालून घरी आणलं. तळघरात उतरला, खुंटीवर चढलेलं मीठ बोटाने साफ केलं, आणि बाळ तिच्या कडेवर बसवलं. जराही जोर लावावा लागला नाही. बाळ मान वर करून तिच्याकडे बघत होतं. आजवर आम्हाला ते पाळण्यात आडवं, छताकडे बघणारं वाटलं होतं. ते आईकडे बघत होतं. आणि तिचं हसू, जे इतकी वर्षं हवेत चाललं होतं, ते आता त्याच्या कपाळावर येऊन टेकलं. आम्ही पालथ्या बादल्यांवर बसलो. झरोक्यातून धुकं आत येत होतं आणि सगळे संत त्या दोघांकडे बघत आहेत असं मला वाटलं. मी इतकी सुखी कधी झाले नव्हते, हे सांगायला मला लाज नाही वाटत.

मग चर्चमध्ये मावशीच्या अंत्यविधीची घंटा वाजू लागली. वेंडेलिन उठला, बाळाला दोन्ही हातांनी धरलं, आणि काढून घेतलं.

"वेडा झालास?" मी त्याच्या बाहीला लोंबकळलेच. "सारं आयुष्य घालवलंस याच्यापायी! तिनेच दिलंय ना तुला? दिलेलं आहे, चोरलेलं नाही!"

"टिले, ही लाकडाची आहे," तो म्हणाला. "हिला वाट बघता येते. मावशीला दुसऱ्यांदा रिकाम्या हातांनी कसं धाडू?"

तो कोट न घालताच मावशीच्या घराकडे धावला. मी मागून पोचले तेव्हा सुताराच्या हातात हातोडा होता आणि तोंडात खिळे. वेंडेलिनने बाळ मावशीच्या कुशीत ठेवलं, तिचा आखडलेला हात त्याच्यावर ओढला, आणि बाजूला झाला. पाद्री तेवढा वेळ छताकडे बघत राहिले. सुताराने झाकण लावलं.

शिकल्यासवरल्या लोकांनी हे ऐकून नंतर कपाळाला हात लावला. लावोत. मीही लावला होता, आणि त्या दिवशी घरी येऊन मी वेंडेलिनशी एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी तळघरात गेले तर तो नेहमीसारखा चीजची चाकं पुसून उलटत होता, आणि रडत होता. मी बाह्या वर सारल्या आणि फळीच्या दुसऱ्या टोकाकडून उलटायला घेतली.