म्हाईत न्हाय

मदरशात सात वर्षं मी घासली. माझा जोडीदार शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कास्टिंग घासतो. तरीही शाहूवाडीच्या डोंगरातल्या कातकरी वस्तीवर आम्ही दोघं दीनच्या, म्हणजे आमच्या धर्माच्या, चार गोष्टी सांगायला गेलो, की माणसं त्याच्याभोवती बसतात.

त्याला उर्दू धड येत नाही. पोचल्या पोचल्या विचारतो, "औंदा मध गावला काय?" मशीनच्या आवाजानं त्याचा डावा कान गेलाय, म्हणून कुणी बोलायला लागलं की हा उजवा कान पुढं करून पार वाकतो. लोकांना वाटतं, काय मन लावून ऐकतोय! त्या बहिऱ्या कानाचासुद्धा मला हेवा वाटतो.

मागच्या खेपेला एका म्हातारीनं विचारलं, "माझा मालक तुमचं काय बी न ऐकता मेला. त्यो आता कुठं आसंल?" माझं उत्तर तयार होतं, किताबाच्या दाखल्यासकट. हा मध्येच म्हणाला, "आई, मला म्हाईत न्हाय. अल्लालाच ठावं."

म्हातारीनं डोळे पुसले आणि चहा टाकला. मलाही मिळाला, पण तो त्याच्यासाठी टाकलेला होता.

परवा मी मुद्दाम एकटाच गेलो. म्हातारी म्हणाली, "मालक रोज सपनात येतोय. का येत आसंल?" मी कान पुढं केला, वाकलो आणि म्हणालो, "आई, मला म्हाईत न्हाय."

"आसू द्या की," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या पावण्यास्नी इचारून सांगा."