शिंपलीतला पापुद्रा

सायलीचा फोन आला तेव्हा मी कामोठ्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. "मावशी, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. तिची आत्या म्हणजे माझी मैत्रीण हिरा. चारच दिवसांपूर्वी मी सुकापूरला तिच्याकडे जाऊन आले होते, एक गोष्ट कबूल करायची म्हणून. चहा घेतला, गुडघ्यांचं रडगाणं गायले आणि न सांगताच उठले... आता दीड महिना झाला, पण चहा टाकला की अजून तेच आठवतं.

आम्ही दोघी पनवेलच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो. हिरा उरणकडच्या कोळ्यांची, आई मासळी विकणारी. पीएच.डी.ला तिने विषयही घरचाच घेतला : शिंपली, आणि प्रयोगशाळेत वाढवलेले स्फटिक. "दोनी चुनखडीच हाय गो," ती म्हणायची. "पन आपला स्फटिक टिचकीनं दुभंगतो, शिंपली नाय." मुंबईहून सूक्ष्मदर्शकाखाली काढून आणलेले मोठे फोटो पसरून ती मला शिंपलीचे प्लायवूडसारखे आडवेउभे थर दाखवायची. त्या थरांमध्ये त्या जिवाने घातलेला नावापुरता पापुद्रा असतो. सगळा चिवटपणा त्याचा. तिने कालवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या सौम्य आम्लात विरघळवून तो पापुद्रा अलगद सोडवला, बीकरमधल्या द्रावणात ठेवला आणि त्यावर स्फटिक धरायची वाट बघत बसली.

दिवाळीच्या सुट्टीत तिची आई आजारी पडली. "झाकनाकडं लक्ष ठेव, बाकी कशाला हात लावू नको," असं बजावून ती गावी गेली. आता मी पडले चहाची गाळणीसुद्धा दोनदा धुणारी, त्यात मासळीचा वास न सोसणाऱ्या घरातली. बीकरच्या तळाशी कुजकट बुळबुळीत काहीतरी दिसलं. द्रावण नासलं असं समजून मी ते गाळलं, बुळबुळीसकट कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि खाली उतरलेलं स्वच्छ द्रावण झाकून ठेवलं. हिरा परतली तेव्हा खडीसाखरेसारखे लखलखीत स्फटिक आले होते. तिने एक चिमट्यात धरला, तो सरळ दुभंगला. "काय चुकलं गो माझं, सुनंदा?" तिने विचारलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला : मी टाकला तो पापुद्राच होता. "होतं असं," मी म्हणाले.

तिचं एक वर्ष गेलं. पुन्हा शिंपल्या, पुन्हा पापुद्रा. पुढच्या खेपेला गढूळ, बोथट, चिमट्यात न फुटणारे हट्टी स्फटिक आले आणि तिला डिग्री मिळाली. कॉलेजात पेढे मी वाटले. मला लाज वाटत होती, पण वाटले.

महिन्याभरापूर्वी सायली दोन बाटल्या घेऊन आली. "आत्यानं तुमाला द्यायला सांगितल्यान." एकीत गढूळ स्फटिक, दुसरीत लखलखीत. हिराच्या शोकेसमध्ये त्या वर्षानुवर्षं होत्या, मी समोरच बसून चहा प्यायचे. गढूळ बाटलीचं लेबल समोर असायचं. दुसरीचं मला कधी दिसलंच नव्हतं, कारण ते भिंतीकडे केलेलं असायचं. त्या दिवशी बाटली फिरवून वाचलं. हिराचं बारीक अक्षर : "सुट्टीत सुनंदानं गाळलं. कागद टोपलीत सापडला." खाली तारीख, कॉलेज उघडल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

म्हणजे तिने मला एकदाच विचारलं आणि नंतर कधीच का विचारलं नाही, ते तेव्हा कळलं...

ती बाटली आता माझ्या ओट्यावर, गाळणीशेजारी आहे. लेबल मी समोर ठेवलंय. घरी येणारं कुणीतरी वाचतं, हे काय म्हणून विचारतं, आणि मी सगळं सांगते.