दोन यंत्रं, एक अंगठा आणि आप्पांचा शब्द

शिवहारआप्पांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या ज्ञानाविषयी पुष्कळजण लिहितील. मी त्यांच्या भीतीविषयी लिहिणार आहे, कारण माझ्या वाट्याला त्यांच्याकडून तीच सर्वांत जास्त आली.

बीडमधील त्यांच्या संगणक दुरुस्तीच्या वर्गात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा समोरचा एक संगणक हँग झाला होता. हुशारी दाखवायला मी कीबोर्ड बडवू लागले. आप्पा केवढ्याने ओरडले! "हात काढ आदी! आत कुनाचं काय ठेवलेलं हाय, तुला ठावं हाय का?" नंतर त्यांनीच चहा मागवला, पण त्या दिवसापासून कोणत्याही संगणकाला हात लावताना माझा जीव मुठीत असतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे तो आप्पांनी स्वहस्ते लावून दिला.

काहीही बदलण्याआधी ते संगणकाची आहे ती स्थिती जपून ठेवतात. "माघारी यायची वाट आदी, मग पुडचं पाऊल," असे ते म्हणतात. मग एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि थांबायचे. या थांबण्यात माझ्यासारखीचा जीव जातो. आप्पांच्या शिष्यांना बाजारात सगळे गोगलगाय म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही.

पुढे मी शिरूर कासारला सरकारी अर्ज भरून देण्याचे सेवा केंद्र टाकले. ऊस तोडणाऱ्या माणसांच्या अंगठ्यावरच्या रेषा कोयत्याने झिजून जातात, यंत्राला त्या दिसत नाहीत. म्हणून आमच्याकडचे केंद्रचालक अंगठा घेण्याची वेगवेगळ्या बनावटीची दोन यंत्रे ठेवतात. एकावर नाही तर दुसऱ्यावर उठेल, ही आशा. मीही दुसरे यंत्र आणले आणि पहिल्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते यंत्र ओळखू देणारी प्रणाली, तसाच ठेवून दुसऱ्याचा वर चढवला.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवशी सकाळी कौशल्याबाई आपल्या ज्योतीला घेऊन आल्या. मुलीच्या वसतिगृहाच्या प्रवेशासाठी आईचा अंगठा हवा होता. चौकात मुकादमाचा ट्रक उभा होता. अंगठा उठला तर ज्योती शाळेत राहणार, नाही तर आईसोबत उसाच्या फडात जाणार. कौशल्याबाईंनी अंगठा टेकवला आणि संगणक जागच्या जागी थिजला. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. रांगेतले कुणी म्हणाले, "फॉरमॅट मारा की!" पण आत साऱ्या गावाची अर्धवट कामे होती, ती सगळी पुसली गेली असती. मी आप्पांना फोन केला.

ते बीडहून दुचाकीवरून आले, तोवर ट्रक भरतच होता. आल्या आल्या प्रिंटर, कॅमेरा, दोन्ही यंत्रे काढून ठेवली. संगणक सुरळीत चालू झाला. एकेक वस्तू पुन्हा जोडत गेले. अंगठ्याचे यंत्र जोडताच पडदा गोठला.

"एका दाराला दोन राखणदार बसवलेस, सुनंदा. दोघं एकमेकाला आत येऊ देईनात."

परतीची वाट करून त्यांनी दोन्ही ड्रायव्हर काढून टाकले. आता संगणक एकही यंत्र ओळखत नव्हता. नवा ड्रायव्हर बसला नाही तर? बाहेर मुकादम हॉर्नवर हॉर्न देत होता. ज्योतीने आईचा पदर धरला होता. आप्पा जपून ठेवलेली परतीची वाट उघडून पाहत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते.

"आप्पा, तुमाला पन भ्या वाटतंय?"

"लई. पर भ्यालं म्हनून घाई करायची न्हाई."

एकच ड्रायव्हर चढवला, संगणक पुन्हा चालू केला. कौशल्याबाईंना अंगठा कोमट पाण्याने धुवायला लावला. पहिल्या वेळी उठला नाही. दुसऱ्या वेळी नाही. तिसऱ्या वेळी पडद्यावर हिरवी खूण आली.

आप्पा कोणत्याही गिऱ्हाइकाला "झालं" म्हणत नाहीत. "सध्या चालतंय" एवढेच म्हणतात, कारण यंत्राचा भरवसा ते देत नाहीत. पण ट्रकमध्ये चढताना कौशल्याबाईंनी विचारले, "पोरगी हितंच ऱ्हाईल ना वो, आप्पा?" आणि आप्पा म्हणाले, "ऱ्हाईल."

तो शब्द त्यांना फार जड गेला. तोडीचा हंगाम संपेपर्यंत दर आठवड्याला ते वसतिगृहात फोन करून विचारत असत, ज्योती हाय ना? हाय म्हटल्यावरच फोन ठेवत. मी थट्टा केली तर म्हणाले, "शब्द दिलाय गं. झोप लागत न्हाई."

आप्पा ज्यांना मानतात, त्या कपिलधारच्या स्वामींनी त्यांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर द्यावे. हल्ली जिना चढताना त्यांना धाप लागते, आणि ते पाहून माझा धीर सुटतो. प्रकृतीची चौकशी केली की त्यांचे उत्तर ठरलेले: "सध्या चालतंय." आप्पा, आम्हाला ते पुरत नाही. कौशल्याबाईंना दिलात तसा शब्द एकदा आम्हालाही द्या. "ऱ्हाईन" म्हणा.