यंत्र बदलणार नाई

सिंदेवाहीच्या भात केंद्रात मी आकडेमोड करत असे. कोणत्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कोणतं वाण पिकलं, त्यात खताचा वाटा किती, पाण्याचा किती, हे हाताने फिरवायच्या गणकावर काढेपर्यंत पुढची रोवणी यायची. म्हणून साहेबांनी मला कलकत्त्याला धाडलं. तिथल्या एका संस्थेत विजेवर चालणारं गणितयंत्र आलं होतं.

नागभीडचा माझा शाळासोबती तिथे आधीच नोकरीला होता. परक्या शहरात आपल्या बोलीतलं माणूस भेटलं आणि माझी अर्धी धास्ती उतरली. यंत्र मला त्यानेच शिकवलं. त्या यंत्राला फक्त त्याचे आकडी हुकूम कळायचे: ही संख्या उचल, तीत ती मिळव, तिथे ठेव. मी कागदावर डावीकडे साधं सूत्र लिहीत असे आणि उजवीकडे त्याचे हुकूम. उद्या दुसरं यंत्र आलं तर हुकूम बदलतील, पण सूत्र तेच राहील, असा माझा हिशेब.

ते पाहून तो म्हणाला, "डावी बाजू काऊन लिहून राह्यला? वेळ जाते. यंत्र बदलणार नाई."

मी सूत्रं लिहिणं सोडलं. यंत्रात जागा थोडी, म्हणून एकाच हुकुमाकडून दोन-दोन कामं करून घेतली. नंतर ते माझं मलाच वाचता येईना, पण चालत छान होतं. परदेशी पाहुणे आले तेव्हा माझाच प्रोग्राम चालवून दाखवला. समजावून तो सांगत होता, मी भिंतीशी उभा होतो आणि मला त्याचाही अभिमान वाटत होता. पुढे लवकरच त्याला परदेशी पाठवलं.

नव्या हंगामाचे आकडे घेऊन मी पुन्हा कलकत्त्याला गेलो, तर त्या खोलीत वेगळ्याच देशाचं यंत्र. त्याचे हुकूम निराळे. माझं सगळं काम निकामी झालं होतं. मी नशिबाला बोल लावला. यंत्रावर काम करणाऱ्या बंगाली बाईंना माझी कीव आली. त्यांनी सांगितलं की माझ्या मित्राचे प्रोग्राम मात्र चटकन नव्या यंत्रावर आले, आणि त्याचे कागद दाखवले. प्रत्येक पानावर डावीकडे सूत्रं होती. नव्या यंत्राची मागणी तर मी तिथे शिकत असतानाच गेली होती, तीही त्याच्याच हातून, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

तो परदेशातून परतला होता. मी त्याच्या खोलीत गेलो.

"तुले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"पाहुणे यायच्या आधी तुह्यं काम पुरं पाहिजे होतं. सांगतलं असतं तं तू सूत्रं लिहीत बसला असता." त्याने माझ्यापुढे चहा सरकवला. मी तो घेतला नाही.

सिंदेवाहीला येऊन मी हुकुमांतून सूत्रं उलटी शोधत बसलो. काही सापडली, काही माझ्याच युक्त्यांत हरवली. त्या वर्षीचा निकाल पुन्हा हाताच्या गणकावरच काढला.

पुढे कळलं की सूत्रासारखी भाषा निघाली आहे, तिच्यातून यंत्र स्वतःच हुकूम तयार करतं. नागपुरात माझ्या त्या मित्राचं त्यावर भाषण झालं, ते ऐकायला मी गेलो. ही भाषा सगळ्या यंत्रांवर एकच असावी, नाहीतर माणसाची मेहनत यंत्रासोबत भंगारात जाते, असं तो म्हणाला. त्यात खोडण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. लोक टाळ्या वाजवत असताना मी बाहेर पडलो आणि पायीच स्टेशनावर गेलो.